तुमच्या अल्बममधली गंगा आम्हाला दाखवा

नमस्कार नाशिककर मंडळी,

गेली दोन वर्षं आम्ही काही जण दर रविवारी सकाळी कॅमेरे घेऊन गंगेवर जमतो. नकाशात ती गोदावरी असली तरी आपण गंगाच म्हणतो, म्हणून इथेही तेच लिहितो. सुरुवातीला मनात एवढंच होतं की २०२७च्या सिंहस्थासाठी घाटाचं रूप पुन्हा बदलेल, त्याआधी आजचा घाट पायरी न् पायरी टिपून ठेवावा.

फोटो काढायला लागलो तसे प्रश्न पडत गेले. नारोशंकराची घंटा आपण लहानपणापासून बघतो, मोठ्या आवाजाच्या माणसाला तिचं नावही ठेवतो. देऊळ १७४७चं, पण घंटेवर साल आहे १७२१. ती आली वसईहून. १७३९च्या मोहिमेत पोर्तुगीजांकडून मराठ्यांच्या हाती लागलेली ही घंटा इथे गंगेकाठी टांगली गेली. आमच्यातल्या निम्म्या जणांना हे ठाऊक नव्हतं, आणि आमचं सगळं आयुष्य पंचवटीत गेलंय. कपूरथळ्याचे महाराज १८७० साली विलायतेला जाताना वाटेतच वारले आणि त्यांचं स्मारक आपल्या गावात उभं राहिलं, हेही असंच एका रविवारी कळलं.

मग एक सभासद घरातला फोटो घेऊन आले. दोन-तीन इंचांचा, कडा नक्षीदार कापलेल्या, मागे पेन्सिलीने लिहिलेलं : ‘गंगेवर, १९६४’. नातवाचं जावळ काढल्यावर आजी त्याला मांडीवर घेऊन बसली आहे. घरच्यांनी तो आजीसाठी जपला होता. आम्ही बघत राहिलो आजीच्या मागे. तिथे दगडी सांडवा आहे, त्यावरून पाण्याची पातळ चादर वाहते आहे आणि दोन पोरं पाय सोडून बसली आहेत. तो फोटो हातात धरून आम्ही देवळाचा कोपरा जुळवत जुळवत नेमकी जागा शोधली. पोरं बसली होती तिथे आज सपाट फरशी आहे.

सांडवा म्हणजे काय, हे आज कॉलेजातल्या मुलांना समजावून सांगावं लागतं. ह्या काठापासून त्या काठापर्यंत घातलेला ठेंगणा दगडी बांध. पाणी त्यावरून सांडायचं, आणि ते कमी असलं की माणसं त्यावरूनच पलीकडे जायची. रास्त्यांचा, होळकरांचा, देवीचा अशी त्यांची नावं होती. ‘सांडव्यावरची देवी’ अजून आपल्या तोंडात आहे. तीच गत कुंडांची. रामकुंडाच्या आसपासची कितीतरी जुनी कुंडं काँक्रीटखाली गेली. त्यांच्या जागा सांगतील असे कागद थोडे आहेत. पण तुमच्या कपाटातल्या मुंजीच्या, लग्नाच्या, बुधवारच्या बाजाराच्या फोटोंत ती मागे कुठेतरी नक्की असतील, अशी आमची खात्री झाली आहे.

म्हणून हे आवाहन. ज्या घरांत गंगाघाटाचे जुने फोटो, निगेटिव्ह, स्लाइड किंवा पोस्टकार्डं असतील, त्यांनी ती आम्हाला स्कॅन करू द्यावीत. पुराचे फोटो तर हवेतच. आपल्याकडे पूर मोजायचा तो दुतोंड्या मारुतीवर : कंबरेला लागलं, छातीला लागलं, डोकं बुडालं. १९६९ आणि २००८च्या पुरांत सरकारवाड्याच्या किती पायऱ्या पाण्याखाली गेल्या होत्या, सराफ बाजारात पाणी कुठवर आलं होतं, हे दाखवणारा एक धूसर फोटोसुद्धा मोलाचा आहे. २ मार्च १९३०ला काळाराम मंदिराचे दरवाजे बंद झाल्यावर सत्याग्रहींची मिरवणूक गोदाघाटावर आली. त्या सत्याग्रहात असलेल्या कुणाच्या वंशजांकडे एखादा फोटो, पत्र, नुसती ऐकलेली आठवण असेल, तर आम्ही घरी येऊन नोंदवून घेऊ. ही आठवण आमच्या संग्रहात अजून नाही, आणि ती नसताना घाटाचा इतिहास लिहिला असं म्हणायची आमची तयारी नाही.

पैशांचीही गरज आहे. सध्या उसन्या स्कॅनरवर काम चाललंय, त्यावर निगेटिव्ह नीट उतरत नाहीत. निगेटिव्ह घेणारा चांगला स्कॅनर, दोन हार्ड डिस्क (एक कायम दुसऱ्या घरी राहील) आणि फोटो ठेवायला आम्लविरहित कागदाची पाकिटं घ्यायची आहेत. शंभर रुपयेही चालतील. रोख रकमेची पावती जागेवर मिळेल आणि जमाखर्च दर तीन महिन्यांनी सभासदांसमोर वाचला जाईल. पैसे नसतील तर वेळ द्या. मोडी वाचता येणारं कुणी असेल तर फारच बरं. आणि घरातल्या आजी-आजोबांना तासभर घाटावर घेऊन आलात, तर त्याहून मोठी देणगी नाही. मागच्या महिन्यात ऐंशीच्या पुढच्या एका आजींनी कपडे धुवायचा आपला ठरलेला दगड कुठे होता, ते काठीने जमिनीवर रेघ ओढून दाखवलं. त्या रेघेचाही फोटो आम्ही काढून ठेवलाय.

दर रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही दुतोंड्या मारुतीपाशी असतो. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं असेल तर वर, अहिल्यादेवी होळकर पुलाच्या पंचवटीकडच्या टोकाला. मूळ फोटो आम्ही ठेवून घेत नाही. तुमच्यासमोर नोंद करून, स्कॅन करून आठवड्याच्या आत परत देतो, सोबत त्याची स्वच्छ प्रतही. फोटो कुणाचा, कोणी काढला, त्यात कोण आहे, हे जेवढं आठवेल तेवढं चिठ्ठीवर लिहून आणा. फोटोच्या पाठीवर पेनाने लिहू नका, शाई पुढे उमटते. अल्बममध्ये चिकटलेले फोटो ओढून काढू नका, अख्खा अल्बमच आणा. आणि वर्तमानपत्रात न गुंडाळता सुती कापडात गुंडाळा.