शेलू-वांगणी नको, घर मुंबईतच द्या

महोदय,
माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्यानंतर ते पुन्हा कामावर गेलेच नाहीत. गिरणी कामगारांना मिळणाऱ्या घराचा अर्ज त्यांनी स्वतः भरला होता. गिरणीचा पास, फंडाची पावती, सगळं आईने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपलं. वडील गेले. आता तोच डबा घेऊन वारस म्हणून मी खेटे घालते. पासवरचा त्यांचा फोटो इतका पुसट झालाय, की मला भीती वाटते.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमाने बंद गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा घरांसाठी म्हाडाला मिळायचा होता. २००१ च्या दुरुस्तीने तो गिरणीतल्या फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जागेपुरता उरला. आमची घरं तिथेच गेली! आता सरकार आम्हाला मुंबईबाहेर, दूर शेलू आणि वांगणीला घरं दाखवतं. माझी परळला सकाळी सातची पाळी असते. वांगणीहून पहाटे साडेचारला घर सोडावं लागेल.

मुंबईत राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या बंद गिरण्यांच्या जमिनी अजून आहेत. तिथे आधी कामगारांची घरं बांधा. आई ७८ वर्षांची आहे.

– एका गिरणी कामगाराची मुलगी, डोंबिवली