स्वीटवॉटरच्या वैमानिक मुलींना अभ्यासक्रमात पक्की जागा द्या

मा. हवाई दल सचिव, अमेरिका यांस,

स. न. वि. वि.

पत्र मराठीत आहे, कारण तुमच्याआधी ते टेक्सासमधल्या आमच्या मराठी मंडळींनी वाचावं अशी इच्छा आहे. डॅलसहून आय-२० ने पश्चिमेला निघालं की ॲबिलीननंतर स्वीटवॉटर लागतं. पवनचक्क्या बघत आपण सगळे तिथून पुढे निघून जातो. पण दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करासाठी विमानं उडवणाऱ्या मुली इथेच शिकल्या, आणि त्यांची हकिकत तुमच्या दलाच्या अभ्यासक्रमात टिकावी म्हणून हे पत्र.

या गावच्या नगरपालिकेचा विमानतळ १९४२ मध्ये लष्कराच्या प्रशिक्षणासाठी गेला आणि त्याचं नाव ॲव्हेंजर फील्ड झालं. आधी तिथे पुरुष कॅडेट शिकले. फेब्रुवारी १९४३ पासून मुली आल्या आणि बघता बघता तळ त्यांचाच झाला. आसपासच्या वैमानिकांना ही बातमी लागली मात्र, त्यांच्या विमानांत नेमके स्वीटवॉटरवरच बिघाड व्हायला लागले! शेवटी या मुलींच्या प्रमुख जॅकलिन कॉक्रन यांनी बाहेरच्या विमानांना बंदी केली.

मुलींच्या या 'वास्प' (विमेन एअरफोर्स सर्व्हिस पायलट्स) दलासाठी पंचवीस हजारांहून जास्त अर्ज आले, निवड १,८३० जणींची झाली आणि प्रशिक्षण पुरं होऊन वैमानिकाचे पंख लागले १,०७४ जणींना. अंगावर पुरुषांच्या मापाचे ढगळ ओव्हरऑल, बाह्या दुमडलेल्या, कंबरेला करकचून पट्टा. पहिलं एकटीचं उड्डाण जमलं की मैत्रिणी उचलून तळावरच्या गोल हौदात टाकायच्या.

पुढचं काम मात्र गमतीचं नव्हतं. नवी विमानं कारखान्यातून तळांवर पोचवायची, दुरुस्त झालेली उडवून बघायची. शिवाय विमानामागे कापडी लक्ष्य ओढत न्यायचं आणि खालून नवशिके गोलंदाज त्यावर खरा दारूगोळा झाडणार! ३८ जणी गेल्या. कागदोपत्री त्या मुलकी नोकर, म्हणून लष्करी इतमाम नाही, शवपेटीवर झेंडा नाही. मृतदेह घरी पाठवायला मैत्रिणींनी वर्गणी काढली. स्वीटवॉटरलाच शिकलेली हेझल यिंग ली नोव्हेंबर १९४४ मध्ये अपघातात गेली, तर चिनी वंशाची म्हणून दफनभूमीत जागा मिळवायला तिच्या घरच्यांना भांडावं लागलं. पुढच्याच महिन्यात दल बरखास्त झालं. माजी सैनिकांचा दर्जा मिळायला १९७७ उजाडलं.

आता मुद्द्याचं. जानेवारी २०२५ मध्ये तुमच्या हवाई दलाने नव्या भरतीच्या प्रशिक्षणातून त्यांची चित्रफीत काढली. ओरड झाली, परत आली. परत आणलीत हे बरंच केलंत, पण तिची जागाच मुळात चुकली होती. तिला विविधतेच्या पाठात बसवलं होतं. तो पाठ नको झाला तेव्हा त्याच्याबरोबर तीही गेली.

माझी मागणी एवढीच, की ही हकिकत उड्डाण प्रशिक्षणाच्या आणि विमान पोचवणीच्या इतिहासात घाला, कारण ती मुळात तिथलीच आहे. घालताना गुळगुळीत करू नका. कृष्णवर्णीय वैमानिक स्त्रियांना याच 'वास्प' दलाने दारातून परत पाठवलं, तेही येऊ द्या. आणि तो भाग पुन्हा काढायचा झाला, तर तुमच्या लेखी, सकारण आदेशाशिवाय काढता येणार नाही, असा नियम करा.

कळावे.

आपली नम्र,
डॅलसची एक मराठी करदाती