फोर्ट डेव्हिसला तट-बुरूज शोधू नका

मा. संपादक,
स. न.

टेक्सासच्या मराठी प्रवासवर्णनांत फोर्ट डेव्हिसला 'किल्ला' म्हटलेले आढळते. मग सिंहगड-राजगड पाहिलेला माणूस तिथे जाऊन बुरूज शोधतो. तिथे तटबंदी नाही. ती छावणी होती. सॅन अँटोनियो ते एल पासो रस्त्यावरच्या टपालगाड्यांना आणि प्रवाशांना अपाची-कोमांची या मूळ अमेरिकी जमातींच्या हल्ल्यांपासून जपण्यासाठी 1854 मध्ये लिंपिया ओढ्याच्या पाण्याजवळ ती बसवली. पहिली घरे दरीच्या आत होती, त्यामुळे कड्यांच्या आडोशाने हल्लेखोर अगदी जवळ येऊ शकत. म्हणून 1867 मध्ये सैन्य परतल्यावर नवी छावणी दरीच्या तोंडाबाहेर, दगड आणि कच्च्या विटांत बांधली. या विटांच्या भिंतींवरचे छप्पर गेले की पाऊस माथा विरघळवतो आणि पायाशी चढलेली ओल भिंत खालून पोखरते. अवशेषांना टेकून फोटो काढू नयेत, ते यासाठीच.

नावाचाही घोळ आहे. छावणीला नाव मिळाले तेव्हा जेफरसन डेव्हिस अमेरिकेचा युद्धमंत्री होता. फुटून निघालेल्या दक्षिणेचा अध्यक्ष तो 1861 मध्ये झाला. हे गाव ज्यात येते ती जेफ डेव्हिस काउंटी (म्हणजे जिल्हा) मात्र 1887 ची, म्हणजे यादवी युद्ध संपून बावीस वर्षांनंतरची. मधल्या काळात याच छावणीत कृष्णवर्णीयांच्या 9 व 10 क्रमांकाच्या घोडदळ आणि 24 व 25 क्रमांकाच्या पायदळ पलटणी राहून गेल्या होत्या! वेस्ट पॉइंट या अमेरिकी लष्करी अकादमीचा पहिला कृष्णवर्णीय पदवीधर हेन्री फ्लिपर याच्यावर 1881 मध्ये इथेच लष्करी खटला चालला. अफरातफरीच्या आरोपातून तो सुटला, तरी 'अधिकाऱ्याला न शोभणारे वर्तन' म्हणून बडतर्फ झाला. त्याला माफी मिळाली 1999 मध्ये, मृत्यूनंतर.

फोर्ट डेव्हिस गावापासून सुमारे 25 किलोमीटरवर माउंट लॉकला मॅकडोनाल्ड वेधशाळा आहे. पॅरिस (टेक्सासमधले) गावच्या एका सावकाराने मृत्युपत्रात ठेवलेल्या पैशातून ती उभी राहिली. तिथली 82 इंची दुर्बीण 1939 ची. युरेनसचा मिरांडा हा उपग्रह 1948 मध्ये तिच्यातूनच सापडला. शेजारच्या 107 इंची दुर्बिणीच्या आरशावर 1970 मध्ये एका कर्मचाऱ्याने पिस्तूल झाडले. आरसा फुटला नाही, थोडी भोके तेवढी पडली.

जाणाऱ्यांनी चार गोष्टी सांभाळाव्यात. एल पासोहून येताना घड्याळ एक तास पुढे जाते, आणि वेधशाळेचा तारे दाखवण्याचा रात्रीचा कार्यक्रम इथेच अनेकांच्या हातून निसटतो. पौर्णिमेच्या आसपास आकाशगंगा दिसत नाही, तेव्हा तिथी पाहून आगाऊ नोंदणी करावी. टॉर्च लाल कागद लावून वापरावा. पांढरा उजेड पडला की अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा सरावायला वीस-तीस मिनिटे घेतात, शेजाऱ्यांचेसुद्धा. एल पासोकडून येणाऱ्यांनी पेट्रोल वाटेतल्या व्हॅन हॉर्न गावातच भरून घ्यावे. 2020 च्या जनगणनेत या काउंटीची लोकसंख्या दोन हजारही नव्हती, पुढे पंप मिळेलच असे नाही.

— एक वाचक