वाइन असो वा गूळ, नावासोबत कृतीही जपा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जागतिकीकरणाने वाइनच्या जुन्या पद्धती बुडवल्या, असे सर्रास बोलले जाते. ते निम्मेच खरे आहे. आमचे घर माळकरी, त्यामुळे वाइनशी माझा संबंध वाचनापुरताच. पण गुऱ्हाळघरात वाढलो असल्याने हा विषय मला परका वाटत नाही.

नुकसान झाले हे खरेच. इटलीतल्या बारोलो भागात वाइन मोठ्या जुन्या लाकडी पिंपांत वर्षानुवर्षे मुरवत. १९८०च्या दशकात तरुण उत्पादकांनी २२५ लिटरची नवी फ्रेंच पिंपे आणली आणि काही घरांत त्यावरून बाप-लेकांचे बिनसले. अमेरिकी समीक्षक रॉबर्ट पार्कर १०० पैकी किती गुण देतात, यावर बाजारातला भाव हलू लागला. कॅबर्ने, शार्दोने या द्राक्षाच्या फ्रेंच जाती चिलीपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरल्या. आपल्या नाशिकलाही शिराझ आणि शेनिन ब्लांकच लागल्या.

पण जॉर्जियाचे उदाहरण याच्या उलट आहे. तिथे अंड्याच्या आकाराचा मातीचा रांजण, क्वेव्री, गळ्यापर्यंत जमिनीत पुरतात. रस, साली, बिया, कधी देठांसकट त्यात घालून तोंड बंद करतात आणि पाच-सहा महिने हात लावत नाहीत. सोव्हिएत काळात कारखान्यांनी ही पद्धत घरगुती वापरापुरती उरवली होती. २००६ मध्ये रशियाने जॉर्जियाच्या वाइनवर बंदी घातली. सगळ्यात मोठे गिऱ्हाईक गेल्यावर उत्पादकांना दूरच्या बाजारात आपले वेगळेपण सांगणे भाग पडले, आणि रांजणातल्या वाइनला तिथे चाहते मिळाले. २०१३ मध्ये युनेस्कोने ही पद्धत वारसा यादीत घेतली. म्हणजे परदेशी बाजाराने एकीकडे परंपरा खाल्ली, दुसरीकडे तारली. फरक एवढाच की जॉर्जियाने विकताना कृतीच पुढे केली.

आमच्याकडे नेमके हेच राहून गेले. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागातल्या मालालाच ते नाव लावण्याचा हक्क, मिळाला. राजर्षी शाहू महाराजांनी वसवलेल्या शाहूपुरीने या गुळाला पेठ दिली. आज मात्र बाहेरच्या व्यापाऱ्याला पिवळाधमक रवा, म्हणजे गुळाची ढेप, हवा असतो, म्हणून उसाचा रस उकळतो त्या काहिलीत रंग उजळवणारी हायड्रॉस ही रासायनिक पावडर पडते. रानभेंडीचा चिकट रस घालून मळी वर आणायची, ती झाऱ्याने काढत राहायची, पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून गोळी वळते का हे बोटांनी बघायचे; हे ज्याच्या हातात आहे तो गुळव्या आता मिळत नाही. त्याच्या तांबूस गुळाला सौद्यात भाव कमी, मग पोराने हे का शिकावे? वर साखर मिसळलेला, जिल्ह्याबाहेर तयार झालेला गूळही ‘कोल्हापुरी’ म्हणून खपतो, याची मला मनापासून चीड येते.

फ्रान्सने १९३५ सालीच कायदा करून ठरवले की एखाद्या गावाचे नाव वाइनला लावायचे तर द्राक्षे कुठली, जात कोणती, हेक्टरी उतारा किती, हे सगळे पाळावे लागेल. नावामागे कृती बांधली गेली. आपले मानांकन मात्र बहुतेक ठिकाणी पिशवीवरच्या छपाईपुरते उरले आहे.

म्हणून बाजार समिती आणि कृषी विभागाला माझी विनंती आहे. मानांकनाखाली अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करायला गुऱ्हाळमालकांना गावोगावी जाऊन मदत करा. प्रत्येक रव्यावर गुऱ्हाळाचे नाव आणि वापरलेले पदार्थ लिहायला लावा. सौद्याआधी नमुने तपासा आणि बिनपावडरीच्या गुळाचा सौदा वेगळा काढा. दिवाळीच्या आसपास चुलवाणे पेटतील. त्याआधी गुऱ्हाळमालक, गुळवे आणि अडते यांची एकत्र बैठक व्हावी.

आपला,
एक गुऱ्हाळमालक
ता. करवीर, जि. कोल्हापूर