८५ क्रमांकाची दाढ समजावून सांगणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सादर नमस्कार.

माझ्या मुलीची खालची उजवी दाढ आपण भरलीत, त्याचे शुल्क आम्ही दिले आणि व्यवहार म्हणून पाहिले तर तो तेथेच पूर्ण झाला; परंतु त्या खुर्चीवर आपण तिच्याशी जसे वागलात, त्याची परतफेड पैशाने होण्यासारखी नाही. ते इतरांनाही कळावे म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

आम्ही चिकोडी तालुक्यात राहतो आणि सात वर्षांच्या मुलीला घरीच शिकवतो. उसाच्या सऱ्या मोजणे, बाजाराचा हिशेब, मराठी आणि कन्नड वाचन हे जसे तिच्या अभ्यासात येते, तसेच बेळगावला दात दाखवायला जाणेही यावे, असे आम्ही ठरवले होते. दुधाचे दात २० आणि कायमचे ३२. पटाशीचे दात, सुळे, उपदाढा, दाढा. त्यांपैकी उपदाढा दुधाच्या दातांत नसतातच, हे सगळे तिने वहीत आकृती काढून लिहिले होते आणि खाली डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मांडले होते.

ती वही पहिल्यांदा उघडली गेली ती आपल्याकडे नव्हे. त्याआधी आम्ही ज्या दवाखान्यात गेलो होतो, तेथे वही बाजूला सारली गेली, ‘तोंड उघड, बोलू नकोस’ एवढेच तिला सांगितले गेले, आणि ती रडू लागल्यावर तिचे हात धरून ठेवण्यात आले. त्यावर, ‘शाळेत घातले नाही म्हणून पोर हट्टी झाले आहे’ असे तिच्यादेखत मला ऐकवले गेले. त्या दवाखान्याचे नाव मी येथे घेणार नाही, पण ते वाक्य अजून मनातून गेलेले नाही. दाढ तशीच राहिली आणि त्यानंतर बरेच दिवस ती उजव्या बाजूला ब्रशसुद्धा लावू देत नव्हती.

आपण मात्र आधी तिच्याशी बोललात, मग माझ्याशी. प्रत्येक वस्तू आधी सांगून, मग दाखवून, मगच तोंडात घातलीत. पाण्याचा फवारा तिच्या तळहातावर सोडलात, लहान आरसा तिच्या हाती दिलात. ‘थांबावेसे वाटले तर डावा हात वर कर, मी थांबेन,’ असे आपण म्हणालात. असे शब्द मुलांना पुष्कळ जण देतात, म्हणून मी त्यावर फारसा विश्वास ठेवला नव्हता. मशीन सुरू झाल्यावर थोड्याच वेळात तिने हात वर केला आणि आपण त्याच क्षणी थांबलात. तिला दुखत नव्हते. तिला प्रश्न पडला होता. तपासताना आपण मदतनीस ताईंना कन्नडमधून ‘एंबत्तैदु’ असा क्रमांक सांगितला होता आणि तो तिच्या डोक्यात घोळत राहिला होता: दुधाचे दात २०, मोठ्यांचे ३२, मग आपल्या तोंडात ८५ क्रमांकाचा दात आला कोठून?

बाहेर बाकड्यावर माणसे ताटकळत बसली होती. ‘यासाठी हात वर करायचा नसतो’ असे आपण म्हणाला असता, तरी मला त्यात काही वावगे वाटले नसते. आपण हातमोजे काढलेत, तिची वही मागून घेतलीत आणि तिच्याच पेन्सिलीने चार चौकोन काढून सांगितलेत की तोंडाचे चार भाग करतात, कायमच्या दातांसाठी त्यांना १ ते ४ आणि दुधाच्या दातांसाठी ५ ते ८ हे अंक देतात. त्यातला ८ म्हणजे खालची उजवी बाजू आणि पुढचा ५ म्हणजे मधल्या रेषेपासून पाचवा दात. तिने लगेच जीभ फिरवून मागची नवी दाढ शोधली आणि ती ८६ का, असे विचारले. ती कायमची दाढ असल्यामुळे तिचा क्रमांक ४६, असे आपण सांगितलेत, तेव्हा तिचा चेहरा जसा उजळला तसा मी कित्येक आठवड्यांत पाहिला नव्हता. एकक आणि दशक मी तिला मण्यांनी शिकवले होते. पण एका आकड्यातले दोन अंक दोन वेगळ्या गोष्टी सांगू शकतात, हे ती आपल्या खुर्चीवर शिकली. मग तिने स्वतःहून तोंड उघडले.

आमच्याकडील वडीलधाऱ्यांचे म्हणणे होते की दुधाचा दात पडणारच आहे, त्यावर खर्च कशाला. ही दाढ साधारण दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत राहते आणि खाली तयार होणाऱ्या उपदाढेची जागा राखून ठेवते, हे आपले उत्तर मुलीने घरी जाऊन आजोबांना जसेच्या तसे ऐकवले. आपण सुचवल्याप्रमाणे आम्ही अंडे व्हिनेगरमध्ये ठेवले आणि कवच विरघळताना पाहिले. कवच आणि एनॅमल, म्हणजे दातावरचे कठीण आवरण, हे एकच द्रव्य नव्हे, पण आम्ल दोघांनाही झिजवते, हा फरक आपण बजावून सांगितला होता. तोही तिने प्रयोगाखाली लिहिला आहे. गोकाकचा करदंट, हा तिचा चिकट गोड खाऊ, बंद झालेला नाही. किती खाल्ले यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ले आणि ते दाताला किती वेळ चिकटून राहिले याला अधिक महत्त्व आहे, हे तिला पटल्यामुळे आता तो जेवणाबरोबरच खायचा, असा नियम तिनेच केला आहे.

पदव्या आणि यंत्रे पुष्कळ ठिकाणी असतात. लहान माणसाला दिलेला शब्द, तो तपासून पाहणारे कोणी नसताना, घाईच्या वेळीही पाळणारी माणसे थोडी असतात, आणि आपल्या सीमाभागात, मराठीत प्रश्न विचारणाऱ्या मुलीला मराठीत आणि धीराने उत्तर देणारी अशी एक व्यक्ती भेटली, याचे मला फार अप्रूप आहे. आपल्या मदतनीस ताईंनाही माझे आभार कळवावेत; आपण चौकोन काढत होता तेव्हा त्या बाहेर जाऊन लोकांना थांबण्याची विनंती करत होत्या.

पुढच्या भेटीत ४६ क्रमांकाच्या दाढेच्या खाचा बुजवायच्या असे आपण म्हणाला आहात. ते काम होताना आरशात पाहता येईल का, असे तिने आपल्याला विचारायला सांगितले आहे. शक्य असल्यास कृपया तशी परवानगी द्यावी.

आपली कृतज्ञ,
वहीवाल्या मुलीची आई