विन्सेंट दु व्हीन्यो यांना, एका नर्सबाईचं आभारपत्र

आदरणीय दु व्हीन्यो साहेब,

तुम्ही अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ, 1978 सालीच गेलात, तेव्हा हे पत्र तुम्हाला मिळायचं नाही. तरी लिहिते. पांढरकवड्याकडच्या एका उपकेंद्रात मी नर्स आहे. पोरीबाळी सिस्टर म्हणतात, म्हाताऱ्या नर्सबाई.

त्या रात्री नाल्याला पूर होता. 108 ची गाडी पलीकडच्या काठावर अडकलेली आणि बाई माझ्या टेबलावर. मुलगी झाली, लगेच रडली. मिनिटाच्या आत, गर्भपिशवी आवळणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या दोन अ‍ॅम्प्युल फोडून 10 युनिट मांडीत दिले. वारही पूर्ण पडली. पण रक्त थांबेना. पोटावर हात ठेवला तर गर्भपिशवी भिजवलेल्या कणकेसारखी. वार सुटते त्या जागी रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी राहतात, पिशवीचे स्नायू आवळले तरच ती मिटतात. सलाईनमध्ये 20 युनिट टाकून बाटली लावली, आशाताईनं पोर आईच्या छातीला लावली, मी पोट चोळत राहिले. दारात सासूचं "माय वं माय" चाललेलं. किती वेळ गेला देव जाणे. हाताखाली पिशवी कवठासारखी टणक लागली, तेव्हा माझा श्वास सुटला.

ते अ‍ॅम्प्युल तुमच्यामुळं आहे. इंग्रज शास्त्रज्ञ हेन्री डेल यांनी 1906 मध्येच पाहिलं होतं की मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीच्या अर्कानं मांजरीची गर्भपिशवी आवळते. पुढं कितीतरी वर्षं हा अर्क कत्तलखान्यातल्या जनावरांच्या ग्रंथींतून काढत. त्यात एकाच वेळी दोन हार्मोन असत, पिशवी आवळणारं ऑक्सिटोसिन आणि लघवी रोखणारं व्हासोप्रेसिन. न्यूयॉर्कला कॉर्नेलच्या वैद्यकीय कॉलेजात तुम्ही आणि तुमच्या सहकाऱ्यांनी दोन्ही वेगळी केली, त्यांची रचना उलगडली, आणि 1953 मध्ये ऑक्सिटोसिन चक्क प्रयोगशाळेत बनवलं. 1955 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यासाठीच. आयुष्यभर तुम्ही गंधकाच्या मागे होता म्हणे. या दोन्ही हार्मोनच्या साखळीची कडी गंधकाच्याच जोडानं बसते, हे वाचून मला हसू आलं. आम्हाला गंधक ठाऊक खरजेच्या मलमातलं.

नऊ अमिनो आम्लांच्या या दोन साखळ्यांत फरक फक्त दोन ठिकाणी. सख्ख्या बहिणीच. म्हणून तर ऑक्सिटोसिन फार आणि नुसतं ग्लुकोजचं पाणी बाटल्यामागून बाटल्या गेलं, की शरीर पाणी धरून ठेवतं, रक्तातलं मीठ पातळ होतं आणि बाळंतिणीला झटके येऊ शकतात. ट्रेनिंगमध्ये हे कळल्यापासून मी बाटलीवरचं नाव दोनदा वाचते.

दुसरी बहीण मला मे महिन्यात भेटते. पारा पंचेचाळीसच्या घरात, बाया वावरात पऱ्हाटीची धसकटं वेचतात. आडोसा नाही, म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत. व्हासोप्रेसिन बिचारं मूत्रपिंडाला सांगून थेंब न् थेंब वाचवतं, लघवी थोडी आणि हळदीसारखी. मग उन्हाळी लागली म्हणून माझ्याकडं येतात. मी पाणी प्या म्हणते. "बाई, मंग जाऊ कुठं?" यावर माझ्याकडं गोळी नाही. तुमच्याकडंही नसती.

एक तक्रारही करते. कळा लवकर याव्यात म्हणून घरीच हे इंजेक्शन टोचणारे लोक आहेत. बाळ पोटात असताना अंदाजानं दिलेल्या डोसनं पिशवी फाटू शकते, बाळ गुदमरू शकतं. रेडकू मेलेल्या म्हशीनं पान्हा सोडावा म्हणूनही हेच टोचतात. त्या म्हशीकडं पाहवत नाही. यात तुमचा दोष नाही, पण तुम्हाला नाही तर सांगू कोणाला?

ती मुलगी आता शाळेत जाते. तिची आजी दर संक्रांतीला तिळाचे लाडू आणून देते आणि म्हणते, तुमच्या हाताला गुण आहे बाई. गुण कोणाचा हे सांगायचं दरवर्षी ठरवते. तुमचं नाव मात्र तिला उच्चारता येणार नाही, मलाच धड येत नाही.

लाइट गेली आहे. अ‍ॅम्प्युल 2 ते 8 अंशांत ठेवावी लागतात, फ्रिजमधलं थर्मामीटर बघून आईसपॅकच्या डब्यात हलवते. येते.

तुमची,
एक नर्सबाई