रहस्यकथाकार हाइलब्रन आणि आपल्या कारखान्यांतील हजेरीपट

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील रहस्यकथा लिहिणाऱ्या स्त्रियांवरचा लेख आवडला. मात्र ‘अमांडा क्रॉस’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या कॅरोलिन हाइलब्रन यांची त्यात प्राध्यापकी सांभाळून कादंबऱ्या लिहिणाऱ्या बाई एवढ्यावरच बोळवण झाली आहे. नोकरीच्या ठिकाणी स्त्रियांना बरोबरीने वागवले जावे यासाठी त्या जे बोलल्या आणि जे त्यांनी केले, ते त्यांच्या रहस्यकथांपासून वेगळे काढता येत नाही. कोल्हापूरसारख्या कारखानदारीच्या गावाने त्यातून घेण्याजोगे पुष्कळ आहे, म्हणून हे पत्र.

हाइलब्रन १९६० पासून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात इंग्रजी शिकवत होत्या. १९६४ मध्ये पहिली रहस्यकादंबरी निघाली, तेव्हा त्यांची नोकरी अजून कायम व्हायची होती. आपण असले काही लिहितो हे कळल्यास कायम होण्याची संधी जाईल, या धास्तीने त्यांनी खरे नाव अनेक वर्षे लपवून ठेवले. पुढे इंग्रजी विभागात कायम झालेल्या त्या पहिल्या स्त्री प्राध्यापक ठरल्या. केट फॅन्सलर ही त्यांची नायिकाही साहित्याचीच प्राध्यापक असून ती १४ कादंबऱ्यांतून भेटते. १९८१ च्या कादंबरीत हार्वर्डच्या इंग्रजी विभागात कायम जागा मिळालेली पहिली स्त्री मृतावस्थेत सापडते, तीही पुरुषांच्या स्वच्छतागृहात. तिचा मृत्यू कसा झाला, याइतकाच तिला सहकाऱ्यांनी आधीपासून कसे एकटे पाडले होते, हा प्रश्न वाचकाची पाठ सोडत नाही. संशयाची सुई एखाद्या माणसावरून सरकून सबंध विभागावर येऊन थांबते, हे मला त्या लेखनाचे खरे बळ वाटते. कथेत मांडलेले त्यांनी प्रत्यक्षातही निभावले. १९९२ मध्ये मानाच्या पदावर असताना, आपल्या विभागात स्त्रियांना आणि स्त्रीवादी अभ्यासाला मिळणारी वागणूक हे कारण उघडपणे सांगून त्यांनी कोलंबिया सोडले.

आपल्याकडे हा विषय परका नाही. रखमाबाई केळवकर यांच्यावर संस्थानातील मुलींच्या शिक्षणाची जबाबदारी सोपवणारे आणि त्यांच्या कन्या कृष्णाबाई यांना वैद्यकीच्या पुढील शिक्षणासाठी विलायतेला पाठवणारे शाहू महाराज याच गावचे. स्त्रीला अधिकाराची जागा देण्याची रीत आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे. त्यामुळे आजची स्थिती पाहून अधिकच वाईट वाटते.

मी एका फाउंड्रीच्या, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्याच्या, कार्यालयात बरीच वर्षे नोकरी केली. तिथल्या कोअर शॉपमध्ये जवळजवळ सगळ्या बायकाच होत्या. ओतलेल्या वस्तूत पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचे वाळूचे ठोकळे, म्हणजे कोअर, पेटीतून अलगद काढायचे, कडेला आलेला चरा कानशीने उडवायचा, दोन भाग नेमके जुळवायचे आणि रंग द्यायचा, असे ते काम. हात जरा जड पडला तर कोअर तुटतो, आणि जुळणी चुकली तर सबंध कास्टिंग, म्हणजे ओतलेली वस्तूच, वाया जाते. एवढी नजर आणि एवढे कसब लागणारे काम करणाऱ्या या बायका हजेरीपटावर मात्र वर्षानुवर्षे ‘हेल्पर’ म्हणूनच राहिल्या. शेजारच्या मोल्डिंगमध्ये, म्हणजे साचे बनवण्याच्या विभागात, त्यांच्या मागून आलेली मुले बघता बघता कुशल कामगारांच्या श्रेणीत गेली. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला आणि एकसारख्या कामाला एकसारखा पगार द्यावा असे त्यात स्पष्ट होते, पण कामाचे नावच वेगळे लिहिले की हिशेब कागदोपत्री बिनचूक जुळतो. कोणी विचारलेच, तर ‘बायकांनी कधी मागितलेच नाही’ हे उत्तर ठरलेले असे.

लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचीही तीच गत. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी, तिच्या अध्यक्षपदी वरिष्ठ स्त्री कर्मचारी हवी, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया हव्यात आणि एक सदस्य बाहेरचा हवा. समिती नेमल्याचा आदेश दर्शनी जागी लावणेही मालकावर बंधनकारक आहे. आमच्याकडे टाइम ऑफिसबाहेरच्या काचेच्या फलकात यादी होती. तिच्यात अध्यक्ष म्हणून नाव असलेल्या बाई केव्हाच नोकरी सोडून गेल्या होत्या आणि बाहेरच्या सदस्याच्या रकान्यात नुसती रेघ होती. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करावी लागते. कोअर शॉपमधल्या एखाद्या मुलीने ती कोणाकडे न्यायची होती, हे मला आजही कळलेले नाही. तो कागद तपासा असे मी साहेबांना सांगितले होते. पुढच्या तपासणीच्या वेळी बघू, एवढेच उत्तर मिळाले.

सगळे कारखानदार असेच वागतात असे मी म्हणत नाही. बायकांना मशिनवर घेऊन, शिकवून वरच्या श्रेणीत आणणारेही आपल्या जिल्ह्यात आहेत आणि त्यांची नावे छापून यायला हवीत.

आपल्याला माझी विनंती आहे, की आपल्या बातमीदारांनी शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींत जाऊन समितीचे हे फलक आहेत का, त्यांवरची नावे आजची आहेत का आणि कोअर शॉपमधल्या बायका हजेरीपटावर कोणत्या श्रेणीत आहेत, एवढे पाहून ते छापावे. इचलकरंजीत यंत्रमागांसाठी कांड्या भरणाऱ्या बायकांचीही अशीच विचारपूस व्हावी. पुरवणीत हाइलब्रन यांच्यावर पुन्हा लिहिणे झाले, तर त्यात १९९२ च्या राजीनाम्यालाही जागा द्यावी.

आपली विश्वासू,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर